रिकामी जागा कुणाची?

उन्हाळ्यात कधी ॲन आर्बरला आलात, तर इथली मंडळी तुम्हाला विद्यापीठ आणि स्टेडियम दाखवून झाल्यावर ह्युरॉन नदीवर नेतील. आर्गो धरणाच्या वरच्या अंगाला पाणी साठून एक लांबट तळं तयार झालं आहे, त्याला आर्गो पाँड म्हणतात. पहाटे तिथे शाळा-कॉलेजांतल्या मुलामुलींच्या निमुळत्या होड्या शर्यतीच्या सरावाला उतरतात. दिवस वर आला की भाड्याच्या कयाक सुटतात. धरणाला वळसा घालून पुन्हा नदीला मिळणारा, पायरीपायरीने उतरणारा एक प्रवाह २०१२ साली तयार केला गेला. त्यातून रबरी ट्यूबमध्ये बसून घसरताना आजोबाही नातवंडांच्याच आवाजात ओरडतात. तीन-चार महिन्यांसाठी भारतातून आलेले आईवडील काठावरच्या बाकावर बसून हे बघतात आणि रात्री फोनवर कुणाला तरी सांगतात, "इथे लोक खुशाल नदीत उतरतात हो!"

या आनंदात खोट काढायची म्हणून मी लिहायला बसलेले नाही. पाण्याजवळ गेलं की माणूस जरा सैल होतो, अनोळखी माणसाशी दोन शब्द बोलतो, मोबाइल खिशात ठेवतो. हे चांगलंच आहे. मला पडलेला प्रश्न वेगळा आहे. माणसाने अडवलेल्या पाण्याचा आपण वर्षानुवर्षं आनंद घेतला, तर त्या पाण्याच्या पातळीवर आपला हक्क तयार होतो का? आणि तेच धरण पूर अडवण्यासाठीही असेल, तर? कारण असं धरण आपल्याला भरलेलं आवडतं, पण ते पुराच्या उपयोगी पडतं रिकामं असताना. या दोन गोष्टींचं भांडण लागलं की कुणाचं ऐकायचं, हे एकट्या अभियंत्याला ठरवता येत नाही. तो नीतीचा प्रश्न होतो.

आधी एक खुलासा. ॲन आर्बरची धरणं पूर अडवणारी नाहीत. वरून जेवढं पाणी येतं, तेवढंच ती खाली सोडतात. शहराने १९६३ साली ती डेट्रॉइट एडिसन या वीज कंपनीकडून विकत घेतली. त्यातल्या बार्टन धरणामागच्या तळ्यातून शहराला पिण्याचं सुमारे ८५ टक्के पाणी मिळतं. आर्गोचा मुख्य उपयोग मात्र आता होड्यांसाठीच उरला आहे. म्हणूनच पंधरा-सोळा वर्षांपूर्वी इथे मोठा वाद झाला. नदी मोकळी वाहावी म्हणून आर्गो धरण काढून टाका, असं पर्यावरणवाल्यांचं म्हणणं, आणि आमचं सरावाचं संथ पाणी घालवू नका, असं होड्यावाल्यांचं. शेवटी धरण राहिलं आणि त्याच्या बाजूने तो पायऱ्यांचा प्रवाह आला. दोन्ही बाजू याच गावातल्या होत्या आणि सभेला येऊन बोलू शकत होत्या. जो हरेल त्याला हळहळ वाटली असती, पण त्याच्या घरात पाणी शिरलं नसतं. असे वाद गाव मिटवू शकतं. पूर अडवणाऱ्या धरणाचा वाद अवघड असतो, कारण त्यातली एक बाजू बहुतेक वेळा सभेत नसतेच.

ती का नसते, हे समजायला धरणाचं काम कसं चालतं ते पाहू. पावसाळ्यात छप्पर गळायला लागलं की आपण खाली बादली ठेवतो. त्या बादलीचा उपयोग तिच्यातल्या रिकाम्या भागाएवढाच. ती काठोकाठ भरली की असून नसून सारखी. पुढचा प्रत्येक थेंब जमिनीवर. म्हणून शहाणं माणूस झोपण्याआधी बादली ओतून येतं. आता समजा, घरातलं कुणी म्हणालं, "ओतू नका, सकाळी त्या पाण्यात भांडी विसळता येतील." हे म्हणणं काही वेडेपणाचं नाही. पाणी वाया कशाला घालवायचं? फक्त त्या क्षणापासून ती बादली दोन मालकांची झाली. एकाला ती भरलेली हवी आहे, दुसऱ्याला रिकामी.

बहुउद्देशीय धरणांचं नेमकं हेच होतं. तळाशी मृतसाठा, त्याच्यावर वापरायचा उपयुक्त साठा, आणि सगळ्यात वर पुरासाठी मोकळी ठेवायची जागा, असे थर कागदावर आखलेले असतात. खालच्या थरातल्या पाण्याला भाव असतो. त्यावर वीज होते, शेती होते, नळ चालतात, होड्या चालतात. अमेरिकन लष्कराच्या अभियंता दलाला आपल्या जलाशयांवर लोकांच्या करमणुकीची सोय करण्याचा अधिकार १९४४ च्या पूरनियंत्रण कायद्यानेच दिला. आज या देशात पाण्यावर सुट्टी घालवणाऱ्या माणसांपैकी फार मोठा हिस्सा या लष्करी तळ्यांवर असतो. यात गैर काहीच नाही. पण वरच्या रिकाम्या थराला गिऱ्हाईक नाही. तिथे होडी लावता येत नाही, तिकीट लावता येत नाही, फोटो काढण्यासारखं काही नाही. ती जागा ज्यांच्यासाठी राखलेली असते, त्यांना स्वतःलाच ते ठाऊक नसतं. पूर आला नाही, तर आपण वाचलो हे कळणार कसं?

आपल्या भाषेलाही रिकामेपणाचं वावडं आहे. घरातलं मीठ संपलं, असं जुन्या बायका म्हणत नाहीत. मीठ 'वाढलं' म्हणतात. बांगडी फुटत नाही, वाढवते. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. ओटी भरतात, घर भरलेलं असावं म्हणतात, पाहुण्याला रिकाम्या हाताने पाठवत नाहीत. धरण शंभर टक्के भरलं, ही आपल्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानाची आनंदवार्ता असते, आणि मग मंत्री खण-नारळ घेऊन जलपूजनाला जातात. दुष्काळ भोगलेल्या मुलखाने असं वागावं हे साहजिक आहे. पण गंमत पाहा: 'पूर' हा शब्दही त्याच भरण्याच्या धातूतून आला आहे, ज्यातून 'पूर्ण' आला, 'पुरण' आलं आणि 'पुरे' आलं. पूर म्हणजे भरणंच, नको तिथे आणि नको तेवढं.

आता ॲन आर्बरहून गाडीने दोनेक तास उत्तरेला चला. तिथे मिडलंड हे शहर आहे. डाऊ केमिकलमुळे रसायनशास्त्रातली आपली बरीच मंडळी ते नावाने ओळखतात. त्याच्या वरच्या अंगाला, टिटाबावॉसी आणि टोबॅको या नद्यांच्या संगमावर, गेल्या शतकाच्या विशीत ईडनव्हिलचं मातीचं धरण उभं राहिलं, वीज आणि पूरनियंत्रण या दोन्ही कामांसाठी. त्याच्यामागे तयार झालेला विक्सम लेक हळूहळू सुट्टीचा आणि मग कायमच्या वस्तीचा तलाव झाला. काठाने घरं आली, प्रत्येक घरापुढे लाकडी धक्का आला, धक्क्याला बोट आली. चार पिढ्यांच्या आठवणी त्या पाण्यावर साठल्या.

धरणाचा सांडवा मात्र अपुरा होता. संभाव्य महापुराच्या निम्म्याच्या आसपासच पाणी तो वाहून नेऊ शकेल, असं वीज प्रकल्पांवर देखरेख करणारा केंद्रीय आयोग मालकाला वर्षानुवर्षं बजावत होता. धरण एका खासगी कंपनीचं होतं. सांडवा वाढवला गेला नाही, म्हणून सप्टेंबर २०१८ मध्ये आयोगाने वीजनिर्मितीचा परवाना रद्द केला. परवाना गेला आणि त्याबरोबर आयोगाचा अधिकारही गेला. खालच्या शहराच्या वतीने बोलणारा जो एक खमका आवाज होता, तो शिक्षा सुनावून दालनाबाहेर पडला. देखरेख राज्याकडे आली.

त्यानंतर भांडण लागलं ते पातळीवरून. कंपनीने तळ्याचं पाणी उतरवलं; सुरक्षिततेसाठी उतरवलं, असं तिचं म्हणणं. काठावरच्या लोकांचे धक्के चिखलात उभे राहिले. परवानगीशिवाय पाणी उतरवल्याने तळ्यातले शिंपल्यांचे जीव मोठ्या संख्येने मेले, असा दावा राज्याने एप्रिल २०२० च्या अखेरीस कोर्टात केला. दरम्यान तळ्याची कायदेशीर पातळी २०१९ मध्ये स्थानिक कोर्टाने ठरवून दिली होती, आणि २०२० च्या वसंतात पाणी त्या पातळीपर्यंत पुन्हा चढवलं गेलं. मग मे महिन्यात मोठा पाऊस झाला. १९ मे २०२० च्या संध्याकाळी धरणाचा पूर्वेकडचा बांध खचला. ते पाणी खालच्या सॅनफर्ड धरणावर आदळलं आणि तेही फुटलं. करोनाची टाळेबंदी चालू असताना सुमारे दहा हजार माणसांना घरं सोडावी लागली. मिडलंडमध्ये नदी ३५ फुटांवर गेली, इतकी ती नोंदीत कधीच चढली नव्हती. एकही माणूस दगावला नाही, ही कृपाच म्हणायची.

काठावरच्या माणसांना बोल लावणं इथे सोपं आहे, पण ते अन्यायाचं होईल. स्वतंत्र तज्ज्ञ पथकाने २०२२ साली अंतिम अहवाल दिला. त्यानुसार पाणी बांधावरून वाहून धरण फुटलं नाही. पातळी पूर्वी कधी नव्हती एवढी चढल्यावर बांधातली सैल वाळू एकाएकी द्रवासारखी वागू लागली, आणि ही वाळू मूळच्या बांधकामातली होती. दुर्घटना टाळता येण्यासारखी होती, असंही पथकाने म्हटलं. त्याची कारणं शंभर वर्षांत विखुरलेली आहेत, ती एखाद्या धक्क्यावर किंवा बोटीवर ढकलता येत नाहीत.

तरीही त्या दोन वर्षांतल्या भांडणात कोण कोण बोलत होतं, ते पाहण्यासारखं आहे. मालक बोलत होता. काठावरचे रहिवासी बोलत होते. राज्याच्या तोंडून शिंपलेसुद्धा बोलत होते, आणि ते बोलले हे योग्यच झालं. धरणाखालच्या शहरातली तळघरं मात्र गप्प होती. मिशिगनच्या कायद्यात तळ्याची 'सर्वसाधारण पातळी' ठरवताना काय पाहायचं ते लिहिलेलं आहे: लोकांचं हित, आरोग्य आणि सुरक्षितता, निसर्गसंपत्ती, आणि तळ्याभोवतीच्या मालमत्तेचं मूल्य. खालच्या अंगाची माणसं 'सुरक्षितता' या एका शब्दात येतात, हे खरं. पण तळ्याभोवतीच्या मालमत्तेला स्वतंत्र ओळ आहे आणि तळ्याखालच्या मालमत्तेला नाही. कायदा लिहिणाऱ्यांच्या मनात खोट होती म्हणून असं झालेलं नाही. माणसाला जे दिसतं ते तो लिहून ठेवतो, आणि तळ्याच्या काठावर उभं राहिलं की तळ्याचा काठच दिसतो.

अर्थतज्ज्ञ थॉमस शेलिंग यांनी १९६८ साली एक अप्रिय गोष्ट स्वच्छ मांडली होती. नावगाव माहीत असलेल्या एका आजारी मुलीसाठी लोक पैशांचा पाऊस पाडतील; पण दवाखान्याची पडझड झाल्याने उद्या कुणीतरी, कुठेतरी, आकडेवारीत मरेल, म्हणून फारसं कुणी खिशात हात घालणार नाही. धरणाच्या पातळीचं गणितही असंच कलतं. बोटवाल्याचं नाव आहे, पत्ता आहे, या शनिवारची ठरलेली सहल आहे. पुरात सापडणारा माणूस अजून आकडा आहे. तो कोण, हे पूर आल्यावर कळणार.

इथे एक आक्षेप येतो आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. कुणी म्हणेल, पन्नास उन्हाळे हजारो माणसांनी सुख घेतलं, त्याची बेरीज करा. पन्नास वर्षांत एकदा येणाऱ्या पुराने थोडं जास्त नुकसान केलं, ते वजा करा. शिल्लक सुखाचीच राहील. आपण महामार्ग बांधतोच ना? अपघात होणार हे ठाऊक असतं, तरी बांधतो. विमानं उडवतो. थोडा धोका पत्करून सगळ्यांचं जगणं सोपं करतो. मग तळ्याच्याच बाबतीत एवढं सोवळं कशाला?

या आक्षेपातली बेरीज-वजाबाकी मी खोडून काढणार नाही. आकडे कदाचित तसेच येतीलही. पण महामार्ग आणि तळं यांत एक फरक आहे. महामार्गावर जो धोका पत्करतो, तोच लवकर पोचतोही. सुख आणि धोका एकाच गाडीत बसलेले असतात. तळ्याच्या बाबतीत सुख धरणाच्या वर राहतं आणि धोका धरणाच्या खाली. वरच्याने खालच्याला विचारलेलं नसतं, आणि खालच्याला आपल्या नावावर काही पणाला लागलं आहे, याचा पत्ताही नसतो. स्वतःच्या जिवावर धाडस करणं आणि दुसऱ्याच्या जिवावर उदार होणं, यांना मराठीने वेगवेगळे शब्द दिले आहेत ते उगीच नाहीत. इथली चूक सुखाच्या आकारात नसते. ज्याच्या खात्यातून पैसे जातात, त्याची सही नसते, ही चूक आहे.

असं असेल तर पूर अडवणाऱ्या जागेवर करमणूक नकोच, असं ठरतं का? मला तसं वाटत नाही, आणि त्यासाठी टेक्ससकडे पाहू. ह्यूस्टनमध्ये १९२९ आणि १९३५ साली मोठे पूर आले. त्यानंतर चाळीसच्या दशकात शहराच्या पश्चिमेला ॲडिक्स आणि बार्कर हे दोन जलाशय बांधले गेले. जलाशय म्हटलं तरी तिथे एरवी तळं नसतं. पाऊस झाला की पाणी अडवायचं, सावकाश सोडायचं आणि पुन्हा कोरडं व्हायचं, एवढंच त्यांचं काम. बाकी वर्षभर आत मोठमोठी उद्यानं आहेत, खेळाची मैदानं आहेत, सायकलच्या वाटा आहेत. बार्करमधल्या जॉर्ज बुश पार्कात तुमचे कुणी नातलग सकाळी फिरायलाही जात असतील. पाणी आलं की मैदान बुडतं, सामना रद्द होतो, चिखल वाळला की पुन्हा सुरू होतो. ही करमणूक पाहुण्यासारखी वागते. घरमालक आला की उठून जागा देते. तिने पातळीवर हक्क सांगितलेला नाही.

पण त्याच जलाशयांनी दुसरा धडाही दिला. तिथे पाणी जिथपर्यंत चढू शकतं, तितकी सगळी जमीन सरकारने विकत घेतलेली नव्हती. मोकळी, हिरवी, उद्यानाला लागून असलेली ती जागा लोकांना आवडली आणि तिथे वसाहती उभ्या राहिल्या. केटीच्या बाजूला आपली बरीच भारतीय कुटुंबंही आहेत. ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वे वादळाचा पाऊस झाला, तेव्हा जलाशय आपल्या खऱ्या आकारापर्यंत भरले आणि हजारो घरांना कळलं की ती जलाशयाच्या शेजारी नव्हती, जलाशयात होती. काही वसाहतींच्या नकाशांवर तशी बारीक अक्षरांत टीप होती. पण घर घेताना टीप कोण वाचतं? पुढे २०१९ साली केंद्रीय दाव्यांच्या न्यायालयाने वरच्या अंगाच्या त्या घरमालकांच्या बाजूने निकाल दिला: सरकारने त्यांच्या जमिनीवर पाणी साठवलं, म्हणजे ती वापरलीच. पाहुणा म्हणून आलेलं मैदान उठून गेलं. पाहुणा म्हणून आलेलं घर उठू शकलं नाही. करमणूक आणि वस्ती यांतली ही रेघ फार महत्त्वाची आहे, आणि ती हळूच, कुणाच्या लक्षात न येता ओलांडली जाते.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं अमेरिकेतलं झालं; आपल्याकडे कुणाला बोटी चालवायला सवड आहे? खरंय. आपल्याकडे रिकाम्या जागेचा प्रतिस्पर्धी बोट नाही, तहान आहे. महाराष्ट्रातली बहुतेक धरणं पुरासाठी बांधलेली नाहीत. ती पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी, विजेसाठी आहेत, आणि चार महिन्यांच्या पावसावर आठ महिने काढायचे असतात. ऑगस्टमध्ये धरण थोडं रिकामं ठेवा, असं म्हणणं सोपं. मे महिन्यात टँकरची वाट पाहणाऱ्या बाईला ते कसं सांगणार? इथे भरलेल्या धरणाच्या बाजूने जे बोलतात, त्यांचं म्हणणं होड्यावाल्यांच्या म्हणण्यापेक्षा कितीतरी जड आहे. तहानेला आणि सहलीला एकाच तराजूत घालू नये.

पण तराजू जड असला तरी दुसरं पारडं नाहीसं होत नाही. पुण्याच्या वर टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला या चार धरणांत मिळून सुमारे २९ टीएमसी पाणी मावतं, आणि त्यातलं खडकवासला दोन टीएमसीपेक्षाही लहान. वरचं सगळं पाणी या सगळ्यात छोट्या दारातून शहरात येतं. धरण भरलं की रविवारी खडकवासल्याच्या चौपाटीवर कणीस आणि कांदाभजी खायला गाड्यांची रांग लागते. त्याच वेळी खाली डेक्कनजवळचा भिडे पूल पाण्याखाली जातो. २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत पाणी शिरलं, तेव्हा एकाच नदीच्या दोन टोकांना एकाच शहराचे लोक उभे होते. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये नदी ५७ फुटांच्या वर गेली. त्यानंतर कोयनेतून पाणी कधी सोडलं, आधी का सोडलं नाही, अलमट्टीचं काय, यावर किती वाद झाला ते तुम्हाला आठवत असेल. आणि १२ जुलै १९६१ पुण्यात कुणी विसरलेलं नाही. बांधकाम पुरं न झालेलं पानशेत त्या पावसाळ्यात भरलं आणि फुटलं. पाठोपाठ खडकवासला गेलं. आज पानशेतच्या तानाजीसागरावर बोटिंग चालतं. चालावंही. पण तिथे जाणाऱ्या मुलांना ती तारीख माहीत असावी, एवढी अपेक्षा जास्त नाही.

तळ्याकडे पाहताना आणखी एका माणसाची आठवण ठेवायला हवी. रिकाम्या जागेचा आणखी एक हक्कदार असतो, तो भूतकाळातला. मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ साली सत्याग्रह झाला. सेनापती बापटांना 'सेनापती' हे नाव त्याच लढ्याने दिलं. ते धरण विजेसाठी होतं, पुरासाठी नाही, आणि मावळ्यांची गावं आणि भाताची खाचरं त्यात गेली. आज त्या पाण्याच्या काठावर 'लेक व्ह्यू' असलेली रिसॉर्टं आहेत. एकाने आपली जागा रिकामी करून दिली, म्हणून तळं झालं. दुसऱ्यासाठी तळ्यात जागा रिकामी ठेवायची असते, म्हणून तो वाचतो. या दोघांच्या मधोमध आपण कयाक घेऊन उतरतो. दोघेही आपल्याला दिसत नाहीत. पहिला निघून गेला, दुसऱ्यावर अजून वेळ आलेली नाही.

मग आपण करायचं काय? मला तीन गोष्टी न्याय्य वाटतात. एक, तळ्याची पातळी ठरवताना धरणाखालच्या वस्तीला काठावरच्या वस्तीइतकंच नावानिशी स्थान असावं. 'सुरक्षितता' या मोघम शब्दाच्या पोटात तिला कोंबू नये. दोन, करमणुकीने पाहुण्याच्या रीतीने राहावं: हलवता येईल ते बांधावं, बुडलं तर चालेल ते लावावं, आणि उठायची वेळ आली की कुरकुर करू नये. पुण्याच्या नदीपात्रालाही हेच लागू आहे. तिथे निळी पूररेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. या रेषांच्या आतली मोकळी जागा रिकामी दिसते, पण तिच्यावर नदीचं आरक्षण आहे. तीन, ज्यांना पाण्यावर प्रेम आहे त्यांनीच रिकाम्या थराची राखण करावी. हे विचित्र वाटेल, पण तळं रोज कोण बघतं? खाली राहणारा नाही. बांधाला ओल दिसली, दार गंजलं, सांडव्यात ओंडका अडकला, हे होडीवाल्यालाच आधी कळतं.

मिशिगनमध्ये हे थोडं घडतंही आहे. ईडनव्हिलसह तिथली चार धरणं नव्या, मोठ्या सांडव्यांसह पुन्हा उभारायचं ठरलं. राज्याने २०२२ साली वीस कोटी डॉलर मंजूर केले, आणि उरलेल्या खर्चाचा मोठा भार काठावरच्या घरमालकांवर पुढची कित्येक वर्षं पडणार आहे. त्यावर कोर्टकज्जेही झाले, कारण निवृत्तीवेतनावर जगणाऱ्याला हा बोजा हलका नाही. तरी ज्याचं सुख, त्याच्या खिशातून सुरक्षितताही, ही रीत मला आधीच्यापेक्षा बरी वाटते. आजवर बिल खालच्या अंगाला जात होतं.

तळी भरतील, बोटी परत येतील, आणि यावं त्यांनी. मात्र मिशिगनमधल्या अशा तळ्यांचं पाणी दर हिवाळ्यात दोन-तीन फूट उतरवतात. बर्फासाठी, वसंतात वितळून येणाऱ्या पाण्यासाठी. त्या दिवसांत धक्का कोरडा पडतो आणि त्याच्याखाली नुसता चिखल दिसतो. घरमालकाला तो ओंगळ वाटतो आणि पाणी कधी चढवणार, म्हणून तो विचारायला लागतो. अशा वेळी त्याला कुणीतरी सांगायला हवं, की बाबा रे, तो चिखल तुझा नाही. तो खालच्या गावातल्या कुणाच्या तरी घरातली कोरडी जमीन आहे.